ताईंनी दिलेली साक्ष

आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं ताईंनी केलेल्या दातांनी हसतात, आणि उरलेली निम्मी त्याच दातांनी घरच्यांशी भांडतात. मी दातांचा डॉक्टर. लोकांना वाटतं, कवळी डॉक्टर बनवतो. डॉक्टर माप घेतो आणि ती नीट बसली तर शाबासकी घेतो. मधलं सगळं काम दुसऱ्याच कुणाच्या तरी हातचं असतं. माझ्या दवाखान्यापुरतं ते ताईंचं. मागच्या गल्लीत छपाईच्या दुकानावर त्यांची खोली. आत प्लास्टरची पोती, मेणाचा वास, घासायच्या चाकाची घरघर आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबडे. नवखा माणूस दारातच थबकायचा. "या आत," ताई म्हणायच्या, "यातलं कुणी चावत नाही. चावायला लागले की मी पाठवून देते."

सगळे त्यांना कवळीताई म्हणत. मी तोंडावर ताई आणि पाठीमागे कवळीताई, आणि ते त्यांना ठाऊक होतं. उंच, किडकिडीत बांधा, बोटांच्या पेरांत कायम पांढरं प्लास्टर. तरुणपणी लग्न झालं आणि वर्षाच्या आत मोडलं. त्यानंतर त्या माहेरी राहायला गेल्या नाहीत. एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली हे काम शिकल्या, खोली भाड्यानं घेतली आणि तिच्याच मागच्या भागात संसार थाटला. संसार म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि एक रेडिओ. माझ्याकडे चहा घेतला की दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा आणून ठेवायच्या. "अहो ताई, चहाच तर आहे," मी म्हणायचो. "मग बिस्किटंच तर आहेत," त्या म्हणायच्या.

आई आणि धाकटा भाऊ चालत जाण्याच्या अंतरावर राहायचे. वडील मुलं लहान असतानाच गेले. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. हातानं जोडण्या करायचा जमाना होता तो. कानाला यंत्र लावून दिवसभर परक्या माणसांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे. त्या पगारावर तिनं दोन मुलं वाढवली आणि तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर घेतलं. स्वच्छ बोलण्याचा तिला फार अभिमान. रागावतानासुद्धा तिचे शब्द सुटे सुटे, धुतल्यासारखे यायचे. ताई सांगायच्या, "आम्हाला मार बसला नाही कधी. नुसतं पूर्ण नाव घेतलं की आम्ही सरळ."

भावाला बाळ म्हणत. केस पांढरे झाले तरी बाळच. मनानं चांगला, पण कुठलीच गोष्ट त्याच्या हातून तडीला जायची नाही. दुकान काढलं, बसलं. बायको आणली, ती सोडून गेली. शेवटी एका शाळेची बस चालवायला लागला आणि तिथे मात्र रमला. कशाबद्दलही विचारलं की त्याचं एकच उत्तर: "बघू." ताई म्हणायच्या, "आमच्या बाळाच्या थडग्यावर एवढंच लिहा. बघू."

आईचं वय झालं. आधी दात गेले. ताईंनी तिच्यासाठी जी कवळी केली तिचं माप मीच घेतलं होतं. त्यानंतर ताई आठवडाभर तिच्यावरच बसल्या होत्या. माझी बाकीची कामं खोळंबली आणि मी काही बोललो नाही. बोलूनही उपयोग झाला नसता. आईनं ती लावली, आरशासमोर उभी राहिली आणि एक्सचेंजमधल्या आवाजात म्हणाली, "नंबर, प्लीज." मग वळून, "फ अजून थोडा सुटतोय." फ बसेपर्यंत ताईंनी ती कवळी तीनदा घासली. परक्या माणसासमोर आई दात लावल्याशिवाय तोंड उघडायची नाही. घरात मात्र ती कवळी पेल्यात पडून असायची.

मग तिला झटका आला, आणि त्यातून उठल्यावर तिचं डोकं कधी जागेवर, कधी नाही. काही दिवस अगदी पहिल्यासारखे. काही दिवस ती ताईंना नर्स समजायची. ताई सकाळी कामाआधी जाऊन तिला अंघोळ घालायच्या, संध्याकाळी जाऊन भरवायच्या. एकदा तोंड पुसता पुसता आईनं फार अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही फार छान करता हो सगळं. तुमचा पगार कोण देतं?" ताईंनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. हसल्या आणि मग बराच वेळ हातातला साचा उगीच फिरवत बसल्या.

बाळ बस सोडून दुपारी घरी यायचा, आईजवळ बसायचा, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. रात्री तोच असायचा. म्हणजे दोघांनी ते वाटून घेतलं होतं, न बोलताच.

त्या काळातली एक सकाळ. आमच्या गल्लीतली पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली होती, सगळीकडे गुडघाभर पाणी. ताई आईकडे पोहोचल्या तर आई खाटेवर ताठ बसलेली, केस विंचरलेले, आणि हातात ती कवळी.

"ही खालची इथे टोचते," आईनं बोटानं जागा दाखवली. "आत्ता घासून आण. दुपारी माणसं यायचीत. मला नीट बोलायचंय."

"कोण माणसं?"

"आहेत. तू जा, उशीर करू नकोस."

ताईंनी पुढे विचारलं नाही. इतक्या दिवसांनी आई आईसारखी बोलली, हुकूम सोडला, याचाच त्यांना कोण आनंद. कवळी रुमालात गुंडाळून खिशात, चपला हातात, अशा त्या पाण्यातून खोलीवर आल्या. टोचणारी कड घासली, चाकावर गुळगुळीत केली आणि तशाच परत गेल्या. आईनं ती लावली, जीभ फिरवून पाहिली. मग एक्सचेंजच्या आवाजात आकडे म्हटले, एकामागून एक, खणखणीत. दोघी हसल्या. निघताना आई म्हणाली, "दमलीस ना? बस जरा." ताई म्हणाल्या, "नको, कामं पडलीत." आणि निघून आल्या.

दुपारी कोण आलं ते त्यांना कळलं नाही. बाळ काही बोलला नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी आई पुन्हा त्यांना बाई म्हणायला लागली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी ती गेली. झोपेतच. सगळं आवरल्यावर एका वकिलानं दोघांना बोलावून घेतलं. जुनं ऑफिस, लाकडी बाकडं, पंखा कुरकुरतोय. वकील म्हातारा होता. त्यानं चष्मा लावला आणि आईचं मृत्युपत्र वाचून दाखवलं. घर, बँकेत असेल ते, घरातलं सामानसुमान, सगळं मुलाला. पानभराचाच मजकूर होता. ताईंचं नाव त्यात नव्हतं. मुलगी आहे असंही नव्हतं.

खाली तारीख होती. पाइपलाइन फुटली होती तो दिवस.

ताई मला नंतर म्हणाल्या, "डॉक्टर, तिनं काही नसतं दिलं तरी चाललं असतं हो. पण एकदा तरी लिहायचं, 'मुलीला काही देत नाही.' नाही म्हणायला तरी माझं नाव घ्यावं लागलं असतं."

ऑफिसबाहेर जिन्यात त्यांनी भावाला गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"नाही," बाळ म्हणाला. मग मान खाली घालून, "म्हणजे, होतं थोडं."

"मग?"

"बघू ना आपण, ताई. बघू काहीतरी."

तोच त्याचा जन्मभराचा शब्द. एरवी ताई त्यावर हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जिना उतरल्या, घरी आल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःची एक वकील गाठली. बाळाला नोटीस गेली. माझ्या माहितीत तोपर्यंत या बहीणभावांत साधं भांडणसुद्धा झालं नव्हतं.

वकीलबाई चटपटीत होत्या. त्यांनी ताईंना समोर बसवून सरळ सांगितलं, "घर आईच्या कमाईचं. त्यांनी ते कुणालाही दिलं तरी चालतं. मृत्युपत्र पाडायचं तर दोनच वाटा. एक म्हणजे, भावानं दबाव टाकून करून घेतलं."

ताई म्हणाल्या, "आमच्या बाळाच्या दबावाला भाजीवालासुद्धा दाद देत नाही. नाही. ते मी म्हणणार नाही. त्याच्यावर असलं काही लावायचं नाही."

"मग दुसरी वाट. आई त्या वेळी भानावर नव्हत्या हे दाखवायचं. स्थिरबुद्धी नव्हत्या. ते तुम्हीच सांगू शकता, रोज तुम्ही होतात तिथे."

त्या क्षणी ताईंना ती दुसरी वाट पहिलीपेक्षा सौम्य वाटली. जिवंत भावाला चोर म्हणण्यापेक्षा गेलेल्या आईला आजारी म्हणणं बरं. आणि आई आजारी तर होतीच. मला वाटतं आणखीही एक होतं. आई भानावर नव्हती असं ठरलं, तर तिनं आपल्याला वगळलं नाही असंही ठरत होतं. आजारानं वगळलं. हे त्यांनी कधी तोंडानं म्हटलं नाही, पण त्या दिवसांत त्या जेव्हा जेव्हा केसबद्दल बोलायच्या, तेव्हा घराबद्दल बोलायच्याच नाहीत. "आई तशी नव्हती हो," एवढंच.

केस वर्षानुवर्षं चालली, चालतात तशी. तारीख पडायची, ताई कामाचा डगला काढून इस्त्रीचे कपडे घालून जायच्या आणि पुढची तारीख घेऊन यायच्या. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच लांब बाक. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला बाळ. मधे दुसऱ्यांच्या भांडणातली माणसं येऊन बसायची. एकदा मधली सगळी उठून गेली आणि दोघंच उरले. बाळानं डबा उघडला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग एकट्यानंच खाल्ला. ताईंनी ते मला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "त्यानं विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की काय, कुणास ठाऊक."

मृत्युपत्रावर सही केलेल्या दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता. दुसरा वकिलाचा कारकून. त्याला त्या दिवसाचं काही धड आठवेना, इतक्या जणांच्या सह्या तो रोज बघायचा. म्हातारा वकीलही तोवर अंथरुणाला खिळला होता. आईला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, कधी बरं असायचं, कधी नसायचं. त्या ठरावीक दिवसाचं मी सांगू शकत नाही. बाळ साक्षीला उभा राहिला तेव्हा त्याला विचारलं, मृत्युपत्र केलं तेव्हा तुम्ही खोलीत होता का? तो म्हणाला, "नाही, मी स्वयंपाकघरात होतो." तेवढंच.

म्हणजे सगळं ताईंच्या साक्षीवर येऊन ठेपलं.

त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवून गेलो होतो. ताई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. वकीलबाईंनी विचारलं तसं त्यांनी सांगायला सुरुवात केली. आईला अंघोळ घालताना ती कशी ओरडायची. कपडे कसे खराब व्हायचे. एकदा तिनं रेडिओच्या खुंट्या पिळत 'लाइन लागत नाही' म्हणून दुपारभर कसा कल्लोळ केला. समोर आहे ती आपलीच लेक हे विसरून 'माझी मुलगी लहान आहे, शाळेतून यायचीय, दार उघडं ठेवा' असं ती कसं म्हणायची. सगळं खरं होतं. पण ते सगळं त्या घराच्या मोरीत आणि खाटेवर घडलेलं होतं, आणि आता एका खोलीभर अनोळखी माणसांसमोर पडलं होतं. टंकलेखक टाइप करत होता. ताई मधेच थांबायच्या, तो मान वर करायचा, त्या पुढे बोलायच्या. जिला दात लावल्याशिवाय परक्याशी बोलणं पसंत नव्हतं, तिच्या अंतर्वस्त्रांपर्यंत सगळं नोंदलं गेलं.

मग बाळाचे वकील उठले. त्यांनी फार ताणलं नाही.

"ज्या दिवशी मृत्युपत्र झालं त्या दिवशी सकाळी तुम्ही आईकडे गेला होतात?"

"हो."

"त्या दिवशी त्या कशा होत्या?"

मागे बसलेल्या मला ताईंची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी उजव्या हाताच्या पेरांतलं प्लास्टर नखानं खरवडलं.

"तिनं मला ओळखलं नाही," त्या म्हणाल्या. "मला म्हणाली, बाई, तुमचा पगार कोण देतं?"

न्यायाधीशांनी क्षणभर पेन खाली ठेवलं. बाळाच्या वकिलांनी आणखी काही विचारलं नाही. अशा उत्तरानंतर कोण विचारणार? मला ते वाक्य ओळखीचं वाटलं, पण दिवस कुठला ते मला ठाऊक नव्हतं. कवळीची, आकड्यांची ती सकाळ ताईंनी मला तोपर्यंत सांगितलीच नव्हती.

निकाल ताईंच्या बाजूनं लागला. मृत्युपत्र रद्द, दोन्ही मुलांना सारखा हिस्सा. निकालपत्रात एक ओळ होती: सदर महिला मृत्युपत्र करतेवेळी स्थिरबुद्धी नव्हती व पोटच्या मुलीसही ओळखण्याच्या अवस्थेत नव्हती. वकीलबाईंनी ती मोठ्या आवाजात वाचून दाखवली आणि ताईंचा हात हातात घेऊन हलवला.

त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या, पेशंटच्याच. "खटला जिंकलात म्हणायचं का?" मी आपलं काहीतरी हलकं बोलायला गेलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती सकाळ सगळी सांगितली. पाणी, रुमाल, कड, आकडे. "इतकी शुद्धीवर ती त्या वर्षात कधी नव्हती, डॉक्टर. मीच तिला तयार करून दिलं. आणि त्याच दिवशी ती वेडी होती असं मी कोर्टात लिहवून घेतलं."

मी पाणी दिलं.

भावाला सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. पण बाळ तोवर घर सोडून बसच्या आगाराजवळ एका खोलीत राहायला गेला होता. ताईंनी निरोप पाठवला होता, तू घरातच राहा, मला जागा नको. त्याचा उलट निरोप आला, मलाही नको, विकून टाकू. गिऱ्हाईक मिळालं आणि घर रिकामं करायला एका रविवारी दोघं पहिल्यांदा त्या तीन खोल्यांत एकत्र आले.

सकाळभर ते कामापुरतंच बोलत होते. हे तू घे, हे टाकायचं, हे कुणाला तरी देऊ. ताई स्वयंपाकघरातल्या फळ्या रिकाम्या करत होत्या, बाळ ओट्यापाशी बसून पातेली दोरीनं बांधत होता. तिथे ताईंनी एकदम सांगितलं. हातातलं झाकणही खाली ठेवलं नाही.

"बाळ, मी कोर्टात खोटं बोलले. त्या दिवशी आईनं मला ओळखलं होतं. चांगली शुद्धीवर होती."

बाळानं दोरीला गाठ मारली. "मला माहितेय."

"काय माहितेय?"

"मी इथेच होतो ना. चहा करत होतो सगळ्यांना. आतलं सगळं ऐकू येत होतं. दात लावून बोलत होती. माझ्या लहानपणी बोलायची तसं."

ताई खाली बसल्या, तिथेच फरशीवर. "मग तू सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं? खोलीत होतास का विचारलं, नव्हतो म्हटलं."

"तुझ्या वकिलाला तरी सांगायचंस."

"सांगून काय? तू खोटी पडली असतीस. पिंजऱ्यात उभी करून तुला खोटी पाडायची, मग ते घर घेऊन त्यात झोपायचं?" त्यानं दुसरं पातेलं ओढलं. "आणि निम्मं तुझं होतंच की. मी रोज बघत होतो तू काय करत होतीस ते. जिन्यात तुला म्हटलं ना मी, बघू म्हणून. मला तेच म्हणायचं होतं. दोन दिवसांनी तुझ्याकडे येऊन नीट बोलणार होतो. तेवढ्यात नोटीस आली."

मग त्यांनी ते विचारलं, जे विचारायला त्या कोर्टात गेल्या होत्या असं मला आता वाटतं.

"तिनं माझं नाव का नाही घातलं रे?"

"वकिलानं विचारलं तिला. म्हणाला, मुलगी आहे ना तुम्हाला, तिचं काय लिहू? आई म्हणाली, तिचं काही लिहू नका. तिला कुणी काही दिलेलं चालत नाही. तिनं मला बजावलंय."

"मी? कधी बजावलं?"

"ते मला काय माहीत. तुझं तुला माहीत."

आणि ताईंना आठवलं. लग्न मोडून त्या परतल्या होत्या, बॅग दारातच होती, आणि आईनं आतली खोली झाडून, खाटेवर स्वच्छ चादर घालून ठेवली होती. तेव्हा त्या तरुण होत्या आणि जगावरच चिडलेल्या. "मला कुणाचं काही नको," त्या म्हणाल्या होत्या. "तुझंही नको. पुन्हा मला काही देऊ नकोस." आईनं फक्त मान हलवली होती. टेलिफोनवर समोरच्यानं सांगितलेला नंबर जसाच्या तसा धरायची सवय तिला. हेही तिनं जसंच्या तसं धरलं असणार. त्यानंतर सणासुदीलासुद्धा आईनं कधी एक वस्तू त्यांच्या हातावर ठेवली नव्हती, आणि ताईंना वाटत राहिलं होतं की आपण आईला नकोशा आहोत.

"मी चिडून बोलले होते," त्या बाळाला म्हणाल्या. "असलं कुणी मनावर घेतं का?"

"आईनं घेतलं," बाळ म्हणाला. मग बांधलेली पातेली उचलून तो बाहेर टेम्पोत ठेवायला गेला. परत आला तेव्हा दोघं पुढच्या फळीला लागले. दुपारी टेम्पो भरला. किल्ली गिऱ्हाइकाला कोण देणार यावर थोडं झालं. तू दे, तू दे. शेवटी बाळानं दिली.

तुम्हाला वाटेल, इतकं बोलणं झाल्यावर गाडी रुळावर आली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण खरं कळलं म्हणून मधली वर्षं पुसली जात नाहीत. बाळ रागावला नव्हता. रागावला असता तर समजूत तरी काढता आली असती. तो फक्त लांब गेला होता. ताईंनी फोन केला की उचलायचा. "बोल, ताई." त्या तब्येत विचारायच्या, तो बरी म्हणायचा. तो तब्येत विचारायचा, त्या बरी म्हणायच्या. मग कुणीतरी "ठेवू का?" म्हणायचं.

ताईंच्या मनातून ती निकालातली ओळ जाईना. एक दिवस त्या पुन्हा वकीलबाईंकडे गेल्या. "घराचं जे झालं ते झालं," त्या म्हणाल्या, "पण ती आईबद्दलची ओळ तेवढी काढून टाकता येईल का? ती शुद्धीवर होती असं कुठंतरी लिहून ठेवता येईल का?"

वकीलबाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, हे मला सांगितलंत ते सांगितलंत. बाहेर कुठे बोलू नका. निकाल तुमच्या बाजूनं लागलाय."

"तेच तर," ताई म्हणाल्या.

आता घरच उरलं नाही, बाळाला काही परत नको आहे, आणि कोर्टाला कुणी काही विचारलेलं नाही. मलाही त्यांनी हे लपवून ठेवा असं कधी म्हटलं नाही. उलट एकदा म्हणाल्या, "कुणी आईबद्दल विचारलं तर सांगत जा हो, शेवटपर्यंत फ स्पष्ट म्हणायची." म्हणून सांगतोय.

त्यांनी काम कमी केलं आहे. डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत. बारीक काम दुसरीकडे पाठवावं लागतं. गेल्या महिन्यात त्या न सांगता बाळाच्या आगारावर गेल्या होत्या. सुट्टीचा दिवस होता, आगारात तो एकटाच, नळी लावून बस धूत होता. ताईंना पाहून त्यानं पाणी बंद केलं नाही, पण दार उघडून दिलं. "आत बस. बाहेर चिखल झालाय."

ताई बसमध्ये चढल्या. लहान मुलांच्या बसायच्या सीटा. त्यांचे गुडघे समोरच्या पाठीला टेकले. बाहेरून काचेवर पाणी पडत होतं, बाळ लांब दांड्याच्या ब्रशनं काचा घासत होता, एक झाली की पुढची. त्यांच्या खिडकीशी आला तेव्हा ती काचही त्यानं बाकीच्यांसारखीच घासली, आतल्या बाजूला कुणी बसलेलं नसल्यासारखी. सगळी बस धुऊन झाल्यावर तो आत आला, हात पुसले आणि चालकाच्या जागी बसला.

"कुठे सोडू?"

"बसस्टॉपवर सोड."

त्यानं तेवढ्यासाठी ती एवढी मोठी बस बाहेर काढली. स्टॉप जवळच होता. ताई उतरल्या, वळून उभ्या राहिल्या. काहीतरी बोलावं म्हणून त्या तोंड उघडणार तोच बाळ म्हणाला, "पुढच्या वेळी फोन करून ये."

ताई मला हे सांगत होत्या तेव्हा मधेच थांबल्या. "यात काय समजायचं, डॉक्टर? येऊ नकोस असं, की ये असं?"

मी म्हटलं, "त्यालाच विचारा ना."

"विचारीन," त्या म्हणाल्या. "बघू."

त्यांनी अजून फोन केलेला नाही.